सात आणि साठ

हिवाळ्यात चोरखमाऱ्याला दिवस लवकर मावळतो. साडेपाचच्या सुमारास तलावाच्या पाण्यावरचे ऊन तांबूस होते, नागझिऱ्याच्या फाटकातून पर्यटकांच्या शेवटच्या गाड्या बाहेर पडू लागतात, आणि गावातील ज्या एका घरी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा नेम आहे, तेथे ताटे घासायला पडलेली असतात. तिरोडा तालुक्यातील या लहानशा गावात किराणा व धानाचा व्यापार करणाऱ्या बाबूजींचे हे घर. त्यांचा चौविहाराचा नेम पन्नास वर्षांचा. सूर्य बुडाला की अन्न नाही, पाणी नाही.

या नेमाचा कधी कोणाला त्रास झाला नव्हता. परंतु दोन-तीन हिवाळ्यांपासून घरातील एकच व्यक्ती त्या वेळी अस्वस्थ होई. ती म्हणजे बाबूजींची सून. सारे जण पंधरा-वीस मिनिटांत जेवून उठत. बाबूजी मात्र पोळीचा तुकडा वरणात बुडवीत, तो मऊ होईपर्यंत थांबत, मग जिभेने टाळूवर दाबून हळूहळू गिळीत. मध्येच खिडकीकडे पाहत. ऊन भिंतीवरून सरकले की हात धुऊन म्हणत, ‘झाले माझे. पोट भरले.’ सूनबाईंनीही ते बरेच दिवस खरे मानले. वय झाले, भूक कमी झाली, असे घरात सगळेच म्हणत. एके दिवशी ताट उचलताना भाजीच्या वाटीखाली घडी घालून ठेवलेली दीड पोळी त्यांच्या हाती आली. भूक कमी झालेला माणूस पोळी नको म्हणतो, ती लपवीत नाही. दिवस पुरत नाही म्हणून बाबूजी अर्धपोटी उठत होते.

कारण तोंडात होते, आणि त्याविषयी घरात बोलणे नव्हते.

काही वर्षांपूर्वी धानाच्या गोदामाच्या पायरीवर पाय घसरून बाबूजी पडले आणि त्यांचे वरचे पुढचे चार दात गेले. खालच्या दाढा त्याआधीच किडून एकेक करीत काढाव्या लागल्या होत्या. वर दहा आणि खाली आठ असे अठरा दात उरले. संख्या ऐकून कोणालाही वाटावे की निम्म्याहून अधिक भांडवल शिल्लक आहे. पण वरच्या दाढांखाली दाढा नाहीत आणि खालच्या पुढच्या दातांवर दात नाहीत. दोन्ही बाजूंच्या सुळ्यांपाशी काय ती वरच्या-खालच्यांची गाठ पडे. जमेच्या बाजूला रकमा आहेत, नावेच्या बाजूलाही आहेत. पण एकीचा दुसरीशी मेळ नाही, अशी ती वही झाली होती.

चावण्याचे दुःख घरात लपविता आले; बोलण्याचे दुकानात लपविता आले नाही. आपल्या वर्णमालेत त, थ, द, ध, न यांना दंत्य म्हणतात, ते उगीच नव्हे. जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकल्याशिवाय हे वर्ण स्वच्छ उमटत नाहीत. तेथे दातच नसले की जीभ टाळूकडे सरकते आणि ‘त’चा उच्चार ‘ट’-‘ठ’च्या जवळ जातो. एका बाजाराच्या दिवशी जुना ओळखीचा शेतकरी हिशेबाला आला. बाबूजी म्हणाले, ‘सात रुपये बाकी.’ त्याने ऐकले ‘साठ’. ‘साठ कुठले बाबूजी? मागच्या खेपेला तर सारे चुकते केले होते,’ असे तो चारचौघांत म्हणाला. वही उघडली, सातच निघाले, तोही हसला आणि पैसे टाकून गेला. त्याच्या मनात काही उरले नाही. बाबूजींच्या मनात मात्र उरले. चाळीस वर्षांत त्यांच्या गादीवर आकड्याचा वाद झाला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मुलगा गादीवर बसला आणि बाबूजी आतल्या खोलीत पोत्यांची मोजदाद करू लागले. बोलताना उपरण्याचे टोक तोंडावर घेण्याची सवय त्यांना तेव्हाच लागली.

उपाय केला नव्हता असे नाही. पडल्यानंतर वर्षभरात ते कवळीसाठी एका दवाखान्यात गेले होते. कवळी करायची तर आधी तोंडाचे माप हवे. पाण्यात कालविलेली घट्ट लगद्यासारखी भुकटी साच्यात भरून तो साचा वरच्या जबड्यावर दाबून धरतात आणि ती घट्ट होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबतात. ही भुकटी मुळात समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून निघणाऱ्या अल्जिनेटची असते. ती अपायकारक नाही, तिच्यावर जगभर लाखो कवळ्या झाल्या आहेत. पण साचा मऊ टाळूला लागला की काहींना कोरडी उबळ येते. बाबूजींना ती इतकी आली की श्वास कोंडला, डोळ्यांतून पाणी आले. तीन वेळा प्रयत्न झाला. तिसऱ्या वेळी त्यांनी हातानेच साचा ओढून काढला. बाहेर बसलेल्यांपैकी कोणी तरी हसले. घशाचे असे आकसणे ही श्वासनलिकेला सांभाळणारी शरीराची स्वाभाविक क्रिया आहे, त्यात मनाच्या दुबळेपणाचा प्रश्न नाही, हे त्यांना त्या दिवशी कोणी सांगितले नाही. ‘आपलेच मन कच्चे’ असे समजून ते घरी परतले आणि पुन्हा तो विषय काढू दिला नाही. एका परिचिताने सुचविले की उरलेलेही आज ना उद्या पडणारच, तेव्हा सगळेच काढून एकदा अखंड बत्तिशी बसवून घ्यावी. त्यावर बाबूजी एवढेच म्हणाले, ‘अठरा आसामी चालू आहेत, त्या बुडीत का दाखवायच्या?’

वाटीखालची पोळी सापडली त्या रात्री सूनबाईंनी नागपूरला माहेरी फोन केला. त्यांच्या वहिनीच्या दाढेवर नुकतीच टोपी बसविली होती आणि तिचे माप लगदा न घालता, तोंडात लहानसा कॅमेरा फिरवून घेतले होते. बाबूजींपुढे हा विषय काढण्यास त्यांना आणखी आठ दिवस लागले. सासऱ्यांच्या तोंडातल्या उणिवेविषयी सुनेने बोलावे कसे, हा संकोच होता. शेवटी त्यांनी दातांचे नावच घेतले नाही. ‘बाबूजी, तुम्ही उपाशी उठता हे मला समजले आहे,’ एवढेच म्हणाल्या. त्या आठवड्यात दोघे आणि मुलगा तिरोड्याहून रेल्वेने नागपूरला गेले.

कृत्रिम दात बसविण्याच्या शाखेतील त्या तज्ज्ञ डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी प्रथम बाबूजींना बोलू दिले. उबळीची हकिकत ऐकून म्हणाल्या, ‘काका, यात तुमचा काही दोष नाही. आज तोंडात लगदा घालायचा नाही. ही कांडी फिरेल. त्रास वाटला की हात वर करा, मी बाहेर काढीन. पुन्हा सुरू करू तेव्हा जेथे थांबलो तेथूनच पुढे जाऊ.’ लगद्याच्या मापात अशी विश्रांती नसते. मध्ये काढला की सारे पहिल्यापासून. बाबूजींनी चार वेळा हात वर केला. चारही वेळा कांडी लगेच बाहेर आली. पाचव्या खेपेस वरचा जबडा पुरा झाला.

ती कांडी दातांवर प्रकाश टाकते, परतणाऱ्या प्रकाशावरून पृष्ठभागाची उंची-सखलता मोजते आणि एकामागून एक घेतलेल्या असंख्य लहान प्रतिमा संगणक एकमेकींना जोडीत जातो. पडद्यावर जबडा हळूहळू उभा राहतो. ही कल्पना काल-परवाची नाही. फ्रान्समध्ये फ्रांस्वा ड्युरे यांनी १९७३ मध्ये आपल्या प्रबंधात प्रकाशाने माप घेण्याचा विचार मांडला. स्वित्झर्लंडमधील झुरिक विद्यापीठात वेर्नर मोरमान आणि मार्को ब्रांडेस्टिनी यांनी १९८५ मध्ये प्रत्यक्ष रुग्णाच्या दाताचे असे माप घेऊन त्यावरून चिनीमातीसारख्या पदार्थाचे भरण यंत्रावर कोरून एकाच बैठकीत बसविले. एका दातासाठी सुरू झालेली ही विद्या काढता-घालता येणाऱ्या अर्ध्या कवळीपर्यंत पोहोचायला आणखी वीस वर्षे लागली. २००६ मध्ये ब्रिटनमधील रॉबर्ट विल्यम्स, रिचर्ड बिब, डॉमिनिक एगबीअर यांनी संगणकावर आखलेला आणि लेसरने घडविलेला धातूचा सांगाडा रुग्णाला बसविल्याचे प्रसिद्ध केले.

एवढा उशीर लागण्याचे कारण अर्ध्या कवळीच्या स्वभावात आहे. दात असणे-नसणे यांच्या जुळण्या एकेका जबड्यात पासष्ट हजारांवर होतात. अमेरिकेतील दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांनी १९२५ मध्ये या पसाऱ्याचे चार वर्ग पाडले. अनेक नोंदी चार खात्यांत खतवाव्यात तसे ते काम, आणि आजही जगभर तेच वर्ग चालतात. बाबूजींचा वरचा जबडा चौथ्या वर्गातला : फट पुढे, आणि दोन्हीकडे मागे आधाराला पक्के दात. खालचा पहिल्या वर्गातला : दोन्हीकडे मागची जागा मोकळी आणि पुढे फक्त एका टोकाला आधार. पुढे जी अडचण आली ती या भेदातूनच आली.

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळविला. आपल्या तोंडाचे आतले रूप बाबूजींनी जन्मात प्रथमच पाहिले. त्यांनी बोटाने एकेक दात मोजला. ‘अठरा,’ म्हणाले, जणू गोदामातील पोती मोजून घेत होते. खाली समोर कोणी न उरल्याने दोन दाढा कशा खाली उतरल्या आहेत, ते डॉक्टरांनी दाखविले. त्या किंचित घासाव्या लागणार होत्या.

मग बाबूजींचे प्रश्न सुरू झाले. व्यापाऱ्याचे प्रश्न ते. ‘साधी प्लास्टिकची कवळी स्वस्तात होते. ती का नको?’ उत्तर मिळाले की तशी कवळी सारे ओझे हिरडीवर टाकते, हळूहळू रुतत जाते आणि शेजारच्या दातांच्या मुळाशी हिरडी खरवडते. कोबाल्ट-क्रोमियमच्या सांगाड्याला बारीक पाय असतात. ते शेजारच्या दातांवर, त्यांतच कोरलेल्या लहानशा खाचांत टेकतात, त्यामुळे चावण्याचा भार दातांच्या मुळांकडे जातो. ‘म्हणजे उरलेले दात जामीनदार,’ बाबूजी म्हणाले. डॉक्टर हसल्या. ‘तसेच. आणि जामीनदाराला झेपेल तेवढेच ओझे टाकायचे, म्हणून तर हे मोजमाप.’

दुसरा प्रश्न त्यांनी संकोचाने विचारला : ‘यात प्राण्याचे काही असते का?’ प्रश्न निराधार नव्हता. पूर्वी युरोपात पाणघोड्याच्या व हत्तीच्या दाताच्या कवळ्या होत असत, त्यांत माणसांचे दातही बसवीत. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्या अशाच होत्या. आज दात व हिरडीचा भाग ॲक्रिलिकचा, सांगाडा धातूचा. मात्र दात मांडून पाहताना जे मेण वापरतात, त्यात मधमाश्यांच्या मेणाचा अंश असू शकतो, हे डॉक्टरांनी होऊन सांगितले, आणि हवे तर चाचणीचा नमुना संगणकावरून छापून घेता येईल असेही सांगितले. बाबूजींनी छापलेला नमुनाच मागितला.

तिसरा प्रश्न खर्चाचा. कांडी व तिचा संगणक यांची किंमत लाखांच्या घरात जाते आणि तिचा वाटा रुग्णाच्या बिलात येतोच. निष्णात कारागिराच्या हाती जुन्या ओतीव पद्धतीनेही उत्तम सांगाडा होतो, हे डॉक्टरांनी लपविले नाही. ‘ज्यांना लगद्याचे माप सहज देता येते, त्यांना मी हा खर्च करा म्हणून आग्रह करीत नाही,’ त्या म्हणाल्या. या उत्तरानंतर बाबूजींनी दर कमी करा असे म्हटले नाही.

दातांत खाचा कोरून झाल्यावर पुढच्या भेटीत पुन्हा कांडी फिरली. पुढचे काम पडद्यावर झाले. कवळी कोणत्या दिशेने आत जाईल आणि बाहेर येईल ते आधी ठरवितात. त्या दिशेने पाहता दाताचा जो भाग फुगवट्याखाली दडतो तो रंगाने उठून दिसतो. कडीचे टोक त्या दडलेल्या भागात सुमारे पाव मिलिमीटर शिरते, तेवढ्याच पकडीवर कवळी टिकते. कमी शिरले तर निसटते, जास्त शिरले तर दात ओढला जातो. वरच्या सांगाड्याची मागची कड टाळूच्या मऊ भागापासून दूर, नालेच्या आकारात आखली, म्हणजे उबळीला निमित्त उरू नये. मग तो आराखडा प्रयोगशाळेत गेला. तेथे धातूच्या बारीक भुकटीचा अत्यंत पातळ थर पसरतात, आराखड्यात जेवढे हवे तेवढेच लेसर वितळवितो, त्यावर पुन्हा थर आणि पुन्हा लेसर. मेणाचा साचा नाही, ओतकाम नाही. घासून-पुसून चकाकी देण्याचे काम मात्र अजून माणसाच्या हातचेच.

वरचा सांगाडा पहिल्याच खेपेस नीट बसला. खालचा दातांवर बसला, पण मागच्या मोकळ्या भागावर बोट टेकताच सांगाडा त्या बाजूला झुकला. मुलगा नाराज झाला. एवढे लाखांचे यंत्र, मग चूक कशी? डॉक्टरांनी शांतपणे समजाविले की ही चूक नव्हे, यंत्राची मर्यादा आहे, आणि ती ठाऊक असल्यामुळेच त्यांनी खालचा भाग अजून पुरा केला नव्हता. प्रकाश हिरडीला स्पर्श न करता पाहतो. म्हणून विसावलेली हिरडी त्याला अचूक दिसते. पण घास चावताना हिरडी दबते, दात मात्र जवळजवळ हलत नाही. जेथे दोन्ही टोकांना दात आहेत तेथे याने बिघडत नाही. जेथे एक टोक हिरडीवरच आहे, तेथे दबलेल्या हिरडीचेही माप हवे. ‘दिसते ते प्रकाशाला कळते काका, दाब बोटालाच कळतो,’ त्या म्हणाल्या.

म्हणजे शेवटी थोडा लगदा आलाच. बाबूजींचा चेहरा उतरला. पण आता तो टाळूपाशी नव्हता. खालच्या सांगाड्याला जोडलेल्या दोन लहान पट्ट्यांवर, गालाच्या बाजूला. सूनबाई खुर्चीजवळ उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी सांगाड्याचे पाय दातांवर बोटांनी दाबून धरले. बाबूजींनी डोळे मिटले आणि मनात नवकार सुरू केला. हात वर गेला नाही.

कवळी हाती आली तेव्हा माघ उजाडला होता. पहिले पंधरा दिवस सोपे गेले नाहीत. डावीकडे हिरडीवर जखम झाली, ती जागा दोनदा घासून घ्यावी लागली. तोंडात सतत लाळ येई; ‘स’ म्हणताना शिटी वाजे. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे ते रोज सकाळी मोठ्याने वाचीत. काय वाचावे असे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी जुन्या वह्या काढल्या आणि नावे-रकमा वाचू लागले. सात, सतरा, सत्तावीस, सदतीस. आतल्या खोलीतून येणारे ते आकडे ऐकून गिऱ्हाइके विचारीत, ‘बाबूजी हिशेब तपासतात काय?’ मुलगा ‘हो’ म्हणे.

रात्री कवळी काढावी, मऊ ब्रशने धुवावी, पाण्यात ठेवावी, उकळत्या पाण्यात कधीही घालू नये, आणि मुख्य म्हणजे जे दात तिला आधार देतात ते तिच्याहून जपून घासावेत, अशी पथ्ये आहेत. कवळीच्या कडीपाशी अन्न अडकते आणि आधाराचा दात किडला तर सारा डोलारा कोसळतो. बाबूजी हे बिनचूक पाळतात. नातवाला ते सांगतात की नव्या दातांना मी फक्त धुतो, सांभाळतो ते जुन्यांना. सहा महिन्यांनी तपासणीसाठी नागपूरची फेरी ठरलेली आहे. खालची हिरडी काळाने झिजेल, तेव्हा तेथे पुन्हा भर घालावी लागेल, हेही त्यांनी वहीत लिहून ठेवले आहे.

नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे, मुंबईला नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून. विद्या जवळ नव्हती असे म्हणता येत नाही. चोरखमाऱ्याच्या त्या घरात उणीव यंत्राचीही तितकी नव्हती, जितकी विचारण्याची होती. घरातील वडीलधारे कमी खाऊ लागले, हळू बोलू लागले, लग्नकार्यात पंगतीला बसण्याचे टाळू लागले की आपण वयाचे नाव घेऊन मोकळे होतो. वयाच्या खात्यावर अशा कितीतरी रकमा घातल्या जातात, ज्या मुळात दुसऱ्याच खात्याच्या असतात.

बाबूजी पुन्हा गादीवर बसले नाहीत. मुलाचा जम बसला आहे, तो मोडायचा नाही, असे त्यांनी स्वतःच ठरविले. मात्र बाजाराच्या दिवशी ते गादीशेजारी बसतात, आणि मुलगा वहीत पाहून रक्कम सांगण्याआधी ते ती तोंडी सांगतात. उपरणे आता खांद्यावर असते. तो जुना शेतकरीही आला होता. त्याला मागचे काही आठवत नव्हते.

या हिवाळ्यातही दिवस तसाच लवकर मावळतो. परवा सव्वापाचला सारे जेवून उठले, बाबूजींचे ताटही रिकामे झाले. सूनबाई ते उचलायला वाकल्या, तेव्हा त्यांनी खिडकीकडे पाहिले. भिंतीवर अजून वीतभर ऊन होते.

‘सूनबाई,’ ते म्हणाले, ‘अजून अर्धी वाढा. दिवस आहे.’